अर्धवट निजलेली यंत्रे

रात्री घरातले दिवे मालवले की काळोख होतो, असे आता म्हणता येत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका जागा असतो, त्याच्या शेजारी घड्याळाचे हिरवे आकडे लुकलुकत असतात. माणसे झोपी जातात. यंत्रे मात्र पुरती झोपत नाहीत. कुणीतरी बटण दाबील या आशेने ती अर्धवट निजून असतात.

आमच्या धर्मग्रामात मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. “फादर, आमचा स्टिरिओ रात्री पूर्ण बंद करावा, की तसाच राहू द्यावा?” हा प्रश्न ईशज्ञानाचा नव्हे. तरीही तो माझ्याकडे येतो याला कारण आहे. सेमिनरीत असताना संगीतकक्षाची किल्ली तीन वर्षे माझ्याकडे होती. तेथील जुना ॲम्प्लिफायर, तबकड्यांचे यंत्र आणि दोन प्रचंड स्पीकर यांची निगा राखता राखता मला या विषयाची गोडी लागली ती कायमची. आजही एखाद्या घरी आशीर्वादासाठी गेलो की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या त्या ठिपक्याकडे जाते, हे धर्मग्रामातल्या मंडळींना ठाऊक झाले आहे.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्यावरून घराघरांत वाद झालेले मी पाहिले आहेत. मुलगा म्हणतो, यंत्र सतत चालू ठेवले तर आवाज चांगला लागतो. वडील विजेच्या बिलाकडे बोट दाखवतात. आईला आगीचे भय वाटते. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा गुंता शांतपणे उलगडून पाहिला पाहिजे.

‘चालू ठेवलेलेच बरे’ हा विचार आला कोठून? तो आला व्हॉल्व्हच्या काळातून. माझ्या आजोबांच्या घरी लाकडी पेटीचा रेडिओ होता. बटण फिरवले की प्रथम तबकडीमागचा दिवा उजळे आणि मग बराच वेळ काहीच घडत नसे. आम्ही मुले श्वास रोखून बसत असू. मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज हळूहळू वर येई. या विलंबाचे कारण साधे होते. काचेच्या व्हॉल्व्हमध्ये एक तंतू असतो. तो तापून आपल्या भोवतालच्या नळीला लाल करतो आणि ती नळी पुरेशी तापली म्हणजेच तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. तोवर यंत्र मुके. हे तापणे आणि निवणे पुन्हा पुन्हा घडले की तंतूवर आणि काचेतून बाहेर येणाऱ्या तारांच्या सांध्यांवर ताण पडतो. घरातला जुना बल्ब बहुधा बटण दाबतानाच जात असे, तसेच काहीसे येथेही होते.

या अनुभवाला इतिहासात एक मोठा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडमध्ये ‘कोलोसस’ नावाचे यंत्र उभारले गेले. त्याचे शिल्पकार टॉमी फ्लॉवर्स हे ब्रिटिश टपाल खात्याच्या संशोधन केंद्रातले अभियंते होते. पहिल्या कोलोससमध्ये सुमारे १६०० व्हॉल्व्ह होते, आणि इतके व्हॉल्व्ह एकत्र चालणे शक्य नाही, रोज काही ना काही जळत राहील, असे अनेक जाणकारांचे मत होते. फ्लॉवर्स यांना टेलिफोन केंद्रातल्या कामाचा अनुभव होता. व्हॉल्व्ह एकदा पेटवले आणि विझवलेच नाहीत, तर ते दीर्घकाळ इमानाने चालतात हे त्यांनी तेथे पाहिले होते. १९४४ च्या प्रारंभी कोलोसस ब्लेचली पार्क येथे कामाला लागले आणि त्यांचा विश्वास खरा ठरला.

परंतु या दाखल्यातली एक गोष्ट आपण विसरतो. कोलोसस रात्रंदिवस जागे ठेवले जाई, कारण त्याच्यासाठी रात्रंदिवस काम होते. आपल्या दिवाणखान्यातल्या यंत्रासाठी पहाटे तीन वाजता कोणते काम असते? व्हॉल्व्हचे आयुष्य काही हजार तासांचे असते. ते कोणी ऐकत नसतानाही खर्ची पडते. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये वापरला जाणारा ‘ई. एल. ३४’ हा व्हॉल्व्ह केवळ आपला तंतू तापवण्यासाठी सुमारे साडेनऊ वॅट वीज घेतो. असे चार असले तर गाणे सुरू होण्यापूर्वीच ३८ वॅट गेले. काही यंत्रांत तंतू तापता ठेवून मुख्य दाब तेवढा तोडण्याची सोय असते. तिचा उपयोग थोड्या वेळापुरता. तंतू तापलेला आणि प्रवाह मात्र नाही अशा स्थितीत व्हॉल्व्ह दीर्घकाळ ठेवला तर त्याच्या आत, धातू आणि त्यावरील लेप यांच्यामध्ये, रोध करणारा थर धरू लागतो. तेव्हा ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचे यंत्र आहे त्यांना मी सांगतो : जेवणापुरते उठायचे असेल तर चालू राहू द्या, झोपायला जाताना बंद करा.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे हा तंतूच नाहीसा झाला. ट्रान्झिस्टरला तापण्याची वाट पाहावी लागत नाही. मग ‘सतत चालू’चा आग्रह संपायला हवा होता, तो संपला नाही. ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायरही तापल्यावर स्थिरावतात, हे खरे आहे. त्यांच्या आतला विश्रांतीचा प्रवाह उष्णतेनुसार थोडा बदलतो आणि साधारण अर्ध्या तासात ठरावीक जागी येतो. ज्यांचा कान तयार आहे त्यांना हा फरक जाणवत असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण अर्ध्या तासाच्या कामासाठी चोवीस तास कशाला हवेत? संध्याकाळी साडेसातला ऐकायला बसायचे असेल तर सातला बटण दाबावे. आम्ही मिस्साच्या आधी ध्वनिवर्धक सुरू करून ठेवतो तो याच हिशेबाने. आदल्या रविवारपासून नव्हे.

हिशेब तर करून पाहिलाच पाहिजे. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे एक वॅटचे कोणतेही यंत्र वर्षभर जोडून ठेवले तर पावणेनऊ युनिट वीज घेते. हा आकडा ध्यानात ठेवला की बाकीचे गणित तोंडी होते. सर्वसाधारण ॲम्प्लिफायर गाणे नसताना, नुसता चालू असताना, ४० वॅट घेत असेल तर वर्षाला ३५० युनिट. ‘क्लास ए’ या पद्धतीचा ॲम्प्लिफायर तर गाणे असो वा नसो, सारखीच वीज पितो. तो १५० वॅटचा असला तर १३१४ युनिट. या विजेतून ऐकायला काही मिळत नाही; ती सगळी उष्णता होऊन खोलीत जाते, आणि उन्हाळ्यात ती घालवायला आपण पंखा लावतो.

या उष्णतेचा दुसरा बळी आहे यंत्र स्वतःच. ॲम्प्लिफायरच्या पोटात लहान डब्यांसारखे दिसणारे कॅपॅसिटर असतात. त्यांत एक द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. अभियंत्यांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, दहा अंशांनी उतरले की दुप्पट. ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कॅपॅसिटर ४५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. हे मोठे वाटते, पण अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात ३२,००० तास म्हणजे पावणेचार वर्षेसुद्धा नाहीत. तेच यंत्र रोज तीन तास चालवले तर हा हिशेब २९ वर्षांवर जातो. काळ आपले काम वेगळ्या वाटांनी करतोच, म्हणून तितकी वर्षे मिळतील असे नाही. पण फरक कोणत्या दिशेला आहे ते स्पष्ट आहे.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. बटण दाबण्याच्या क्षणी यंत्रात प्रवाहाचा लोंढा शिरतो. रिकामे कॅपॅसिटर एकदम भरू पाहतात, मोठा ट्रान्सफॉर्मर क्षणभर हिसका देतो. हा धक्का खरा आहे. पण यंत्र घडवणाऱ्यांनी तो जमेस धरलेला असतो. दिवसातून एकदोनदा बटण दाबल्याने चांगले यंत्र खचत नाही; तासाला चारदा चालू-बंद केल्याने मात्र त्याला त्रास होतो. घरातून बाहेर पाऊल टाकताच बंद आणि परत येताच चालू, हाही एक अतिरेकच.

आता त्या तांबड्या ठिपक्याकडे वळू. स्टँडबाय म्हणजे बंद नव्हे. दुरून येणारा रिमोटचा संकेत ऐकण्यासाठी यंत्राचा एक कान उघडा ठेवलेला असतो, आणि त्या कानासाठी वीज लागते. वीसपंचवीस वर्षांपूर्वीच्या अनेक स्टिरिओंमध्ये ती दहा वॅटच्या घरात जाई, कारण एवढ्याशा कामासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर जागा ठेवलेला असे. दहा वॅट म्हणजे वर्षाला ८७ युनिट, न ऐकलेल्या गाण्यांसाठी. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ॲलन मायर यांनी या गळतीकडे जगाचे लक्ष वेधले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये प्रत्येक यंत्राला एका वॅटची मर्यादा सुचवली. २००१ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या कार्यालयांच्या खरेदीसाठी ती मानली, आणि युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम करून २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी सीमा घातली. आकडे दाखवणाऱ्या यंत्रांना त्याच्या दुप्पट. अर्धा वॅट म्हणजे वर्षाला साडेचार युनिटदेखील नाही.

म्हणून सर्वांना एकच उत्तर देणे अन्यायाचे होईल. अलीकडचे, नियमात बसणारे छोटे यंत्र स्टँडबायमध्ये राहिले तर बिलाच्या दृष्टीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. जुने, वजनदार, हाताला कोमट लागणारे यंत्र मात्र पूर्ण बंदच करावे. आणि जे स्पीकर इंटरनेटला जोडलेले असून हाक मारताच उत्तर देतात, ते निजतच नाहीत; त्यांचा कान सदैव उघडा असतो आणि त्याची किंमत अर्ध्या वॅटहून सहसा अधिक असते. प्रत्येक घराने आपल्या यंत्राला हात लावून पाहावा. त्याची ऊब हाच त्याचा जबाब.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. मृगाच्या आधीचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराचा पाऊस विजांसह येतो. वीज जाते, येते, पुन्हा जाते; आणि परत येताना तिचा दाब कधी एकदम चढलेला असतो. त्या क्षणी जोडलेले प्रत्येक यंत्र, मग ते चालू असो वा स्टँडबायमध्ये, त्या धक्क्याच्या वाटेत उभे असते. भिंतीवरचे बटण बंद केले की झाले असे आपण मानतो; पण ते बटण सहसा एकच तार तोडते, दुसरी जोडलेलीच राहते. आभाळ गडगडू लागण्यापूर्वी प्लग उपसून ठेवणे, आणि ॲन्टेनाची किंवा केबलची तार असेल तर तीही काढणे, हाच खरा उपाय. आभाळ डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नये.

एवढे सगळे समजावून सांगितले की प्रश्न सुटला असे मला वाटत असे. एका घरात मला कळले की तो नेहमीच तेथे सुटत नाही.

आमच्या धर्मग्रामातल्या एका वृद्ध मावशींचे पती निवर्तले. उमेदीची वर्षे त्यांनी आखातात काढली होती, आणि तिकडून सुटीवर येताना आणलेला स्टिरिओ हा त्यांचा जीव की प्राण होता. संध्याकाळी ते स्वतः जिम रीव्हजची तबकडी लावत आणि मावशी भाजी निवडता निवडता ऐकत. ते गेल्यावर चार महिन्यांनी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “फादर, आई स्टिरिओ बंदच करू देत नाही. बाबा गेले त्या दिवशी तो चालू राहिला होता, तेव्हापासून तसाच आहे. तुम्ही सांगितले तर ऐकेल.” मुलाच्या मनात विजेपेक्षा आगीची धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती.

मी गेलो. यंत्रावर मावशींनी विणलेला पांढरा रुमाल पसरला होता, रेडिओवर घालायची आपल्याकडे रीत आहे तसा. त्या रुमालाखाली हवेच्या फटी पार झाकल्या गेल्या होत्या आणि झाकण हाताला चांगलेच पोळत होते. आमच्या वायरमनने आपले मीटर लावले. यंत्र नुसते बसून ४२ वॅट घेत होते. चार महिन्यांचे १२१ युनिट. हे आकडे सांगून उपयोग नाही हे मला दिसत होते. पतीची आठवण म्हणून त्या दिवा जपत असतील असा माझा समज होता, आणि मी तसे हळुवारपणे विचारलेही.

मावशी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आठवण कसली, फादर? ते मला कधी हातच लावू देत नसत. बिघडेल म्हणत. आता हे एकदा बंद झाले, तर मला पुन्हा सुरू करता येईल का?”

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. चार महिने तो आईशी यावरून वाद घालत होता आणि हे त्याला ठाऊक नव्हते.

मी मावशींना यंत्रासमोर बसवले. आधी रुमाल उचलला. मग क्रम दाखवला : सुरू करताना तबकडीचे यंत्र आधी, ॲम्प्लिफायर शेवटी, आणि आवाजाचे बटण अगदी खाली. बंद करताना उलटे, ॲम्प्लिफायर आधी. असे केले म्हणजे स्पीकरमध्ये दणका बसत नाही. मावशींनी ॲम्प्लिफायर बंद केला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. दिवा विझला. खोलीतली बारीकशी गुणगुण थांबली. ती इतके दिवस चालू होती हे ती थांबल्यावरच आमच्या ध्यानात आले. “आता लावा,” मी म्हणालो. त्यांनी लावला. मग पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. यंत्राला वारंवार चालू-बंद करू नये हा माझा सिद्धान्त मी त्या दिवशी मुकाट्याने गिळला. चौथ्या खेपेला त्यांनी स्वतः तबकडी ठेवली, सुई अलगद टेकवली आणि म्हणाल्या, “ते थोडा मोठा ठेवत.” आवाज त्यांनी होता तेवढाच राहू दिला.

मुलाने तो क्रम एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आता त्या संध्याकाळी दोन तास ऐकतात आणि नंतर प्लग काढून ठेवतात. रुमाल दिवाणखान्यातल्या टीपॉयवर गेला आहे.

तेव्हापासून कोणी हा प्रश्न घेऊन आले की मी आधी आकडे सांगत नाही. मी विचारतो, तुमचे यंत्र कोणासाठी जागे आहे? ऐकणारा कोणी येणार असेल तर ते सज्ज असावे. आजाऱ्याच्या उशाजवळचा रेडिओ, पहाटे कामावर जाणाऱ्याचा गजर, मिस्सापूर्वीचा ध्वनिवर्धक यांची वीज वाया जात नाही. पण पुष्कळ घरांत यंत्र जागे असते ते केवळ सवयीने, आळसाने किंवा ते बंद करायला कोणी धजावत नाही म्हणून. यातले शेवटचे कारण आपण सहसा शोधतच नाही. एका घरात एकाच माणसाला यंत्राची विद्या असते आणि बाकीचे त्याच्या मर्जीने ऐकतात. तो माणूस परदेशी गेला, आजारी पडला, देवाघरी गेला, की घरात एक दिवा तरी तेवत राहतो किंवा एक यंत्र तरी कायमचे मुके होते. दोन्ही मी पाहिले आहे.

वाचकहो, आपल्या घरी असे यंत्र असेल तर येत्या रविवारी दुपारी एवढे करा. ज्याने त्याला आजवर कधी हात लावलेला नाही, मग ती पत्नी असो, सासूबाई असोत वा घरातले धाकटे लेकरू, त्याला समोर बसवा आणि सुरू कसे करायचे, बंद कसे करायचे हे दोनदा त्याच्याच हातून करवून घ्या. नंतर गाणे कोणते लावायचे हेही त्यालाच ठरवू द्या.